टाकीत उतरण्याचं परमिट

परमिटसाहेबांचं म्हणणं एवढंच होतं की, बंदिस्त जागेत उतरणाऱ्या माणसाकडे तसं लायसन्स पाहिजे. यात चुकीचं काही नाही. पण हे त्यांनी सांगितलं कुणाला, तर सकाळी हातात ब्रश आणि खांद्यावर टॉवेल घेऊन सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या प्लंबरला. प्लंबरनं मुकाट्यानं पाकीट काढलं आणि लायसन्स पुढे केलं. ते मोटारसायकलचं होतं.

"हे चालणार नाही," परमिटसाहेब म्हणाले.

"का? मुदत आहे की अजून," प्लंबर म्हणाला.

इथेच खरं तर सगळं थांबायला हवं होतं. दुसरा एखादा माणूस 'बरं बाबा, जपून उतर' म्हणून वर चहा प्यायला गेला असता. पण दुसरा एखादा माणूस आणि परमिटसाहेब यांत फरक आहे. परमिटसाहेबांनी उभा जन्म चुनखडीच्या एका मोठ्या खाणीत, जोखमीच्या कामांची लायसन्सं देण्यात घालवला होता. खाणीत सुरुंग लावायचा, विजेच्या तारेला हात घालायचा, उंचावर चढायचं किंवा बंद भुयारात शिरायचं, तर नुसती हिंमत असून भागत नाही. आधी डॉक्टरी तपासणी, मग तोंडी परीक्षा, मग लायसन्स. आणि लायसन्स मिळालं तरी रोजच्या कामाचं परमिट वेगळं. त्या परमिटावर साहेबांची सही असे. साहेब जेवायला गेले की डोंगरसुद्धा फुटायचा थांबे.

ते स्वतः कधी सुरुंग उडवत नसत. सुरुंग उडवायला कोण लायक आहे, हे ठरवत. या प्रकाराला कुणी उंटावरून शेळ्या हाकणं म्हणेल. म्हणोत. त्यांच्या कारकिर्दीत त्या खाणीत जितकी माणसं आत गेली तितकीच बाहेर आली, आणि हे फार थोड्या उंटांना जमतं.

नुकतेच ते निवृत्त झाले होते. निरोपाच्या दिवशी हाताखालच्या लोकांनी त्यांना एक लाल कुलूप भेट दिलं होतं. खाणीतली रीतच तशी. यंत्रावर काम करणारा प्रत्येक माणूस आधी यंत्राचा खटका बंद करतो, त्यावर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात ठेवतो. मग मालक जरी आला तरी त्याचं काम संपेपर्यंत यंत्र चालू होत नाही. ज्याचं कुलूप त्याची किल्ली, आणि ज्याची किल्ली त्याचाच हात. परमिटसाहेबांना ते कुलूप सोन्याच्या घड्याळाहून प्रिय होतं. बायकोनं ते कपाटात चादरींच्या मागे ठेवलं होतं.

घरात मात्र त्यांच्या सहीवाचून काहीही अडत नसे. दूध त्यांना न विचारता उतू जाई. बायको रोज सकाळी बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडायची, आणि तो चालू असतानाच पाण्यात बोट बुडवून पाणी तापलं का ते बघायची. ते बघून साहेब रोज ओरडत.

"अगं, आधी प्लग काढ! वीज आहे ती!"

"माझी आई असंच बघायची," बायको म्हणायची. "ती नव्वद वर्षं जगली."

मग साहेब पेपर उघडून बसत आणि आपण आता कशाच्याच कामाचे उरलो नाही, असं त्यांना खरोखरच वाटे. हे ते कुणाला सांगत नसत. पण पेपर बराच वेळ एकाच पानावर असे.

त्यामुळे नळाच्या पाण्याला वास यायला लागला आणि टाकी धुवायचं ठरलं, तेव्हा सोसायटीत वाईट वाटलेलं नाही असा एकच माणूस होता.

प्रश्न सेक्रेटरींचा होता. सेक्रेटरी विम्याचं काम करत. म्हणजे संकट येऊन गेल्यावर उपयोगी पडणारा माणूस. परमिटसाहेब संकट येण्याआधीचे. दोघांचं जमणं मुळातच अवघड. त्यातून सेक्रेटरींना प्रत्येक काम पाच मिनिटांचं वाटत असे.

"साहेब, पाच मिनिटांचं काम आहे," सेक्रेटरी म्हणाले. "वरची टाकी कालच घासून झाली. खालचीही बरीच उपसलीय. तो उतरेल, घासेल, वर येईल. उरलंसुरलं घाण पाणी पंपानं गटारात टाकू, टँकर ओतला की झालं."

"पंप पाण्यात आहे?"

"मग काय गच्चीवर ठेवायचा?"

परमिटसाहेबांनी पंपाची तार निरखली. मध्ये एक जोड होता, आणि त्यावर गुंडाळलेली काळी टेप दुखऱ्या बोटासारखी सुजली होती. "माणूस पाण्यात आणि पंप चालू झाला, तर हा जोड त्याला सोडणार नाही."

"इतकी वर्षं चालतोय."

"इतकी वर्षं पाण्यात माणूस नव्हता."

खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एवढ्यात बाहेर आले होते. कुठेही दोन माणसं उभी दिसली की तिसरे मास्तर. त्यांना मुद्दा पटला. मास्तरांना शेवटी बोलणाऱ्याचा मुद्दा नेहमीच पटतो. सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "बरं, करा तुमच्या पद्धतीनं. पण संध्याकाळी पाणी पाहिजे."

संध्याकाळी पाणी सगळ्यांत जास्त पाहिजे होतं ते परमिटसाहेबांनाच. त्यांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदाच राहायला येणार होती. बायकोनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. "बाळ प्रवासातून येईल, त्याला आल्या आल्या अंघोळ लागेल. पाणी नसेल तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" असं ती म्हणाली होती, आणि म्हणताना साहेबांच्याच तोंडाकडे बघत होती.

"संध्याकाळच्या आत पाणी," साहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. "आणि तेही सुरक्षित."

तर, पहिली पायरी डॉक्टरी तपासणी. इमारतीत डॉक्टर एकच होते, ते दातांचे. परमिटसाहेबांनी प्लंबरला त्यांच्यासमोर नेऊन बसवलं. डॉक्टर भला माणूस. त्यांनी विचारलं, "मी नेमकं काय तपासू?"

"माणूस बंदिस्त जागेत उतरायला लायक आहे का, ते."

डॉक्टरांनी बराच विचार केला आणि प्लंबरला आ करायला सांगितलं. मग कागदावर लिहून दिलं की, प्रकृती उत्तम, उजवीकडची खालची दाढ किडलेली, टाकीत उतरण्यास हरकत नाही, परंतु गोड कमी खावे. प्लंबर बाहेर आला तो गाल धरून. सकाळपर्यंत त्याची दाढ दुखत नव्हती.

दुसरी पायरी तोंडी परीक्षा. ती झाकणापाशीच झाली. मास्तर स्वतःहून परीक्षक मंडळात दाखल झाले होते. मधल्या मजल्यावरच्या दोन वहिनी बादल्या घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या.

"समजा, तुझा सोबती टाकीत आहे," परमिटसाहेबांनी विचारलं, "आणि तो हाक मारतोय, किंवा हाकही मारत नाहीये. तू पहिल्यांदा काय करशील?"

"उडी टाकीन," प्लंबर छाती काढून म्हणाला.

जिन्यातल्या वहिनींनी कौतुकानं 'अगंबाई' केलं. मास्तरांनी मान डोलावली.

"नापास," परमिटसाहेब म्हणाले.

"नापास?" प्लंबर उडालाच. "माणूस मरतोय आणि मी काय बघत बसू?"

"आत नेमकं काय झालंय, हे तुला माहीत नाही. ज्या कारणानं तो पडला त्याच कारणानं तूही पडशील. मग तिसरा उडी टाकेल, तोही पडेल. पहिल्यांदा ओरडायचं, माणसं गोळा करायची, वीज बंद आहे ना ते बघायचं, आत उतरायचं नाही. मी असे शूर पुष्कळ नापास केलेत. ते सगळे आज नातवंडं खेळवतायत."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "मी तेच म्हणत होतो."

प्लंबरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आधी दाढ, आता ही परीक्षा. पण मजुरी ठरलेली होती म्हणून तो थांबला. फेरपरीक्षा चहानंतर घ्यायचं ठरलं.

तिसरी पायरी कुलूप. परमिटसाहेबांनी चादरींमागून लाल कुलूप काढून आणलं. पंपाची खोली टाकीपासून दूर, गाड्यांच्या पलीकडे होती. तिथल्या लोखंडी खटक्याला त्यांनी ते लावलं. 'खट्' असा जो आवाज झाला तो ऐकून त्यांना किती दिवसांनी बरं वाटलं. किल्ली त्यांनी दोरीत ओवून गळ्यात घातली.

"आता प्रत्येकानं आपापलं कुलूप लावायचं," ते म्हणाले.

प्लंबरनं सायकलचं कुलूप आणलं. मास्तरांनी ट्रंकेचं. वॉचमननं फाटकाचं काढून लावलं, त्यामुळे पुढचा सगळा दिवस फाटक उघडं राहिलं आणि दोन कुत्री आत येऊन झोपली. खटक्याला कुलपांचा घोस लटकायला लागला.

"सेक्रेटरी, तुमचं?"

"मी?" सेक्रेटरी हसले. "मी काय टाकीत उतरणाराय? मी सेक्रेटरी आहे. कुलूप लावून फिरायला मी काय हमाल आहे?"

परमिटसाहेबांच्या कपाळावरची एक शीर, जी फक्त खाणीच्या मालकांपुढे दिसत असे, ती दिसली.

चौथी पायरी हवेची. बंद टाकीत वाईट वायू साचलेला असला तर तो दिसत नाही, वासही देईलच असं नाही. खाणीत त्याला उपकरण असतं. इथे परमिटसाहेबांनी बादलीत मेणबत्ती लावली आणि दोरीनं हळूहळू आत सोडली. सगळे झाकणाभोवती वाकले. ज्योत एकदम विझली.

"वायू!" परमिटसाहेब गरजले. "सगळे मागे व्हा!"

मग जी पळापळ झाली ती काही विचारू नका. मास्तरांनी जन्मभर जपून ठेवलेली शिट्टी काढून फुंकली. वहिनींनी बादल्या तिथेच टाकल्या. दातांचे डॉक्टर खुर्चीतल्या माणसाला आ केलेलाच ठेवून खाली आले, आणि त्यांच्यामागून तो माणूसही आला, तोंडात कापूस घेऊन. अख्खी इमारत रस्त्यावर उभी राहिली. बरीच चौकशी झाल्यावर असं निष्पन्न झालं की मेणबत्ती खाली जात असताना मास्तरांना शिंक आली होती, आणि मास्तर बादलीच्या बरोब्बर वर वाकलेले होते.

मास्तरांना फाटकापाशी पाठवून मेणबत्ती परत सोडली. या वेळी ती छान जळत राहिली. पण तोपर्यंत प्लंबरचा संयम विझला होता.

"साहेब, मी इतकी वर्षं टाक्या धुतोय," तो म्हणाला. "माझे दात कुणी मोजले नव्हते. राहू दे तुमची टाकी." त्यानं सायकलचं कुलूप काढलं आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. रागाच्या भरात ब्रश तिथेच विसरला.

आता इमारतीत पाणी नव्हतं, प्लंबर नव्हता आणि दुपार झाली होती. सगळ्या नजरा परमिटसाहेबांकडे वळल्या. सेक्रेटरी इतका वेळ याचीच वाट बघत असावेत.

"साहेब," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमची खाण संपली. ही टाकी आहे. तुम्ही घरी जा, आराम करा. आणि ते कुलूप काढून द्या."

वहिनींपैकी एक हसली. मास्तर चपलेकडे बघायला लागले. परमिटसाहेबांचे कान तापले. आपल्याला आयुष्यात कुणी 'घरी जा' म्हटलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. निरोपाच्या दिवशीसुद्धा लोक 'येत जा' म्हणाले होते.

"काम पुरं होऊन सगळी माणसं हजर असल्याची खात्री झाल्याशिवाय कुलूप निघत नाही," ते म्हणाले. आवाज जितका करारी यायला हवा होता तितका आला नाही. ते वळले आणि जिना चढून घरी गेले. किल्ली गळ्यात होती.

मास्तरांनी आणि वॉचमननं आपापली कुलपं काढून घेतली. लाल कुलूप एकटं राहिलं. सेक्रेटरींनी टँकर मागवला आणि वॉचमनला बाजूला घेऊन हुकूम दिला, "किल्लीवाल्याला घेऊन ये. कुलूप तोड आणि तोडल्या तोडल्या पंप चालू कर. मला विचारायला येऊ नकोस." मग सगळे जेवायला पांगले.

वर परमिटसाहेब पेपर उघडून बसले होते. पेपर उलटा होता. बायकोनं तो काढून सुलटा करून त्यांच्या हातात दिला, इतपत ती समजूतदार होती. पण खाली टँकर येऊन भोंगा वाजवायला लागला तेव्हा तिचाही धीर सुटला.

"अहो, तो टँकरवाला जातो म्हणतोय. खालचं घाण पाणी काढल्याशिवाय तो कुठे ओतणार? द्या ना किल्ली."

"नियम आहे तो."

"माहीत आहे मला नियम. मी काय तुमचा नियम वाईट म्हणते का?" बायको खुर्चीच्या हातावर टेकली. "तुम्ही खाणीत होतात तेव्हा मी रोज भोंग्याकडे कान लावून असायची. अवेळी वाजला तर हातातलं भांडं पडायचं माझ्या. पण आज पोर येतेय हो. तिच्यासमोर तुम्हाला कुणी खालून ओरडून बोललेलं मला नाही चालायचं."

परमिटसाहेबांना हे अनपेक्षित होतं. ते उठले. "ठीक आहे," ते म्हणाले. "आजच्यापुरतं काढतो." असं वाक्य ते जन्मात पहिल्यांदाच बोलत होते आणि त्याची चव त्यांना मुळीच आवडली नाही.

पंपाच्या खोलीत किल्लीवाला बसून लाल कुलूप कानशीनं घासत होता. वॉचमन खटक्यापाशी हात तयार ठेवून उभा होता. बाहेर टँकरवाला, मास्तर, वहिनी, डॉक्टर, सगळे होते.

"सरका," परमिटसाहेब म्हणाले. "किल्ली आहे माझ्याकडे."

सगळ्यांना हायसं वाटलं. टँकरवाल्यानं भोंगा थांबवला. साहेबांनी गळ्यातून दोरी काढली, किल्ली कुलपात घातली, आणि त्यांचा हात थांबला. यात विचार काही नव्हता. सवय होती. कुलूप काढण्याआधी खाणीत डोकी मोजतात. त्यांनी मागे वळून मोजायला सुरुवात केली.

"अहो काढा ना," एक वहिनी म्हणाली.

"सेक्रेटरी कुठे आहेत?"

कुणालाच माहीत नव्हतं. मास्तर म्हणाले जेवायला गेले असतील. डॉक्टर म्हणाले जेवण केव्हाच झालं असेल. वॉचमन म्हणाला, "त्यांनी सांगितलंय, विचारायला येऊ नकोस म्हणून."

"फोन लाव त्यांना."

वॉचमननं फोन लावला. सगळे गप्प झाले आणि कुठेतरी बारीक आवाजात गाणं वाजायला लागलं. ते टाकीच्या बाजूनं येत होतं. परमिटसाहेब किल्ली उपसून घेऊन त्या आवाजामागे गेले, आणि बाकीचे त्यांच्यामागे. टाकीच्या झाकणाजवळ, कुंडीच्या आडोशाला, चकचकीत पॉलिश केलेले बूट शेजारी शेजारी नीट ठेवलेले होते. एका बुटात गुंडाळलेले मोजे. दुसऱ्यात फोन, वाजत असलेला.

परमिटसाहेब झाकणाच्या कडेला बसले आणि आत डोकावले. खाली काळं पाणी, त्यात आडवी पडलेली शिडी. माणूस दिसत नव्हता.

"आत कोणी आहे का?"

काही नाही.

"सेक्रेटरी!"

बऱ्याच वेळानं, टाकीचे दोन भाग करणाऱ्या मधल्या भिंतीच्या पलीकडून दबका आवाज आला, "आहे मी. पण इतक्यात कुणाला सांगू नका."

सगळ्यांनीच ऐकलं. नेमक्या त्याच वेळी प्लंबर सायकल लावून आत येत होता. तो ब्रश न्यायला आला होता. "कोण पडलं?" म्हणून तो धावला, चपला भिरकावल्या आणि उडी टाकायला झेपावला. परमिटसाहेबांनी बसल्या जागेवरून त्याची कॉलर पकडली. इतकी घट्ट, की वरचं बटण तुटलं.

"पहिल्यांदा काय करायचं?"

प्लंबर धापा टाकत त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ओरडायचं. माणसं गोळा करायची."

"आणि?"

"वीज बंद आहे ना ते बघायचं. आत उतरायचं नाही."

"पास," परमिटसाहेब म्हणाले आणि कॉलर सोडली.

पुढचं सगळं शिस्तीत झालं. मास्तरांना फाटकापाशी पाठवलं. मेणबत्ती सोडली, ती जळत राहिली. डॉक्टरांनी दुसरी शिडी आणली. प्लंबरनं ती वरून धरली, टँकरवाल्यानं दोरी सोडली, आणि सेक्रेटरी वर आले. गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेली, चष्म्यावर शेवाळ. न घासता टाकी भरली तर वास तसाच राहणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पाच मिनिटांचं काम म्हणून सगळे जेवत असताना ते स्वतःच उतरले होते. उतरता उतरता शिडी निसटून पाण्यात पडली. मग ते भिंतीआड जाऊन उभे राहिले होते.

"पण हाक का नाही मारली?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशी मारणार?" सेक्रेटरी म्हणाले. "आत कसे गेलात, असं विचारलं असतं सगळ्यांनी." एवढं बोलून त्यांचं लक्ष कानस हातात धरून उभ्या असलेल्या किल्लीवाल्याकडे गेलं. मग वॉचमनकडे. वॉचमननं प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, अजून थोडंच राहिलं होतं. तुटलं की लगेच चालू करणार होतो. तुम्ही म्हणाला होतात तसं."

सेक्रेटरी मटकन पायरीवर बसले.

परमिटसाहेबही त्यांच्या शेजारी बसले. सगळ्यांना वाटलं आता ते बोलतील, आणि त्यांनी काय बोलावं याची मास्तरांनी मनात जुळणीही केली होती. पण साहेब हातातल्या किल्लीकडेच बघत होते. कुलूप अर्धं कापलं होतं ते किल्लीवाल्यानं, हे खरं. पण किल्ली आत घातलेली होती ती त्यांनीच. एक मनगटाचा झटका राहिला होता. आजच्यापुरतं. त्यांना एकदम रडू यावं असं झालं आणि त्यांनी नाक शिंकरून ते घालवलं.

"चला," ते म्हणाले. "टाकी घासायची आहे. प्लंबर, तुझं कुलूप लाव."

या खेपेला कुणी हसलं नाही. प्लंबर उतरला, घासून वर आला. परमिटसाहेबांनी डोकी मोजली, एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून. मगच लाल कुलूप निघालं. घाण पाणी गटारात गेलं, टँकर रिता झाला, आणि मुलगी फाटकातून आत शिरली त्या वेळी वरच्या नळाला पाणी खळखळत होतं. फाटक उघडंच होतं. कुत्री तेवढी उठून बाजूला झाली.

घरात बाळावरून आनंदाचा गोंधळ चालू असताना दार वाजलं. सेक्रेटरी उभे होते. अंघोळ करून, केस विंचरून आले होते. हातात एक नवं कोरं कुलूप, किमतीची चिठ्ठी अजून लटकत असलेलं.

"साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले, "यावर नाव लिहायचं असतं की नुसता रंग द्यायचा?"

"रंग," परमिटसाहेब म्हणाले. "कुठला आवडतो?"

सेक्रेटरींनी निळा सांगितला. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, "ती तोंडी परीक्षा मलाही द्यावी लागेल का?"

"डॉक्टरी तपासणी आधी."

सेक्रेटरींनी नकळत गालाला हात लावला आणि ते जिना उतरून गेले.

"अहो!" बाथरूममधून बायकोची हाक आली. "जरा इकडे या."

बाळाच्या अंघोळीसाठी बादलीत रॉड सोडलेला होता. पाण्यावर वाफ धरली होती. बायको बादलीपाशी वाकलेली होती. साहेब सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं बटण बंद केलं, प्लग ओढून काढला आणि तो त्यांच्या हातात दिला.

"हा धरा घट्ट," ती म्हणाली. "मी पाण्यात हात घालतेय. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

परमिटसाहेब दारात प्लग धरून उभे राहिले. बायकोनं पाण्यात बोट बुडवलं, मग कोपर बुडवलं, थोडं गार पाणी ओतलं, परत बुडवलं. मुलगी बाळाला घेऊन आली आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही असे का उभे आहात?"

"गप गं," बायको म्हणाली. "कामावर आहेत ते."